मराठीच्या वर्गातील पॉडकास्टसाठी ऑडॅसिटी : एका शिक्षिकेचे परीक्षण

अकरावीच्या ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात २०१९ पासून उपयोजित मराठीच्या विभागात सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद आणि अनुदिनी-लेखन यांच्या जोडीला रेडिओजॉकी हा घटक आहे. बारावीत गेल्यावर त्याच विद्यार्थ्यांना मुलाखत आणि वृत्तलेख शिकायचा असतो. यांतले रेडिओजॉकी आणि मुलाखत हे घटक मुळात बोलण्याचे आणि ऐकण्याचे आहेत. बहुतेक वर्गांत मात्र ‘रेडिओजॉकीच्या अंगी कोणते गुण असावेत’ या प्रश्नाचे उत्तर लिहून घेतले की घटक संपला असे मानले जाते, आणि मुलाखतीचे प्रश्न विद्यार्थी अशा व्यक्तीसाठी तयार करतात की जिला ते कधी भेटणारच नसतात. तासगाव परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना हे घटक प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करून, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेल्या पॉडकास्टमधून शिकवायचे मी ठरवले. त्यासाठी आम्ही ऑडॅसिटी ही आवाजाचे मुद्रण आणि संपादन करणारी संगणकप्रणाली वापरतो. तिचे हे परीक्षण माझ्यासारख्या भाषाशिक्षकांसाठी आहे, ज्यांच्या हाताशी जुनी संगणक प्रयोगशाळा आहे, विद्यार्थ्यांचे मोबाइल आहेत आणि ज्यांना या कामासाठी वेगळा निधी मिळत नाही.

निष्कर्ष आधीच सांगते. पॉडकास्ट तयार करताना विद्यार्थी जे शिकतात, त्यातले सर्वांत मोलाचे ते संपादनाच्या टेबलावर शिकतात. प्रश्न काढताना ते थोडे शिकतात, माइकसमोर बोलताना आणखी थोडे शिकतात; पण तीस मिनिटांच्या संभाषणातून कोणती सहा मिनिटे ठेवायची हे ठरवताना त्यांना भाषेचा विचार करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हे संपादन अक्षरशः डोळ्यांसमोर मांडून दाखवणारे आणि एक रुपयाही न मागणारे साधन म्हणून मी ऑडॅसिटीची शिफारस करते.

थोडी माहिती. ऑडॅसिटीचे काम १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी सुरू केले आणि २००० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे कितीही संगणकांवर बसवता येते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती चालते. २०२१ मध्ये म्यूझ ग्रुप या कंपनीने तिचा ताबा घेतला, पण परवाना मुक्तच राहिला. आमच्या प्रयोगशाळेतील संगणक बऱ्यापैकी जुने आहेत. त्यांवर चित्रफितींचे संपादन सुरू केले की यंत्र गोठते. ऑडॅसिटी मात्र विनातक्रार चालते. आंतरजाल बंद असले तरी काम थांबत नाही, आणि दुपारच्या तासिकेला आंतरजाल मिळेल याची शाश्वती नसलेल्या ठिकाणी हा गुण फार मोठा आहे.

पडद्यावर आवाज एका आडव्या पट्टीत तरंगांच्या आकृतीच्या रूपाने दिसतो. बोलणे जिथे जोरात आहे तिथे आकृती फुगते, शांतता असेल तिथे सपाट रेघ राहते. हे दृश्य पाहून विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मधल्या सपाट जागा काढून टाकू का? याविषयी एका गटाचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंची मुलाखत या गटाने घेतली होती. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर कशी पसरतात, सावलीत वाळायला साधारण पंधरवडा कसा लागतो, मग झाडणी, देठ काढणे आणि प्रतवारी कशी होते, हे सर्व त्या बाईंनी हातातले काम न थांबवता सांगितले होते. त्यानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, “अवकाळी पाऊस आला तर काय होतं?” ध्वनिमुद्रणात यापुढे चार-पाच सेकंद काहीच नाही. मग वाक्य येते : “काय हुतंय... समदा काळा पडतोय माल. वरीसभराचं गेलं बघा.”

ऑडॅसिटीत ‘ट्रंकेट सायलेन्स’ नावाची एक सोय आहे. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लांब असलेल्या सर्व शांत जागा ती एका फटक्यात आखडून टाकते. गटाने ती वापरली. मुलाखत लक्षणीयरीत्या लहान झाली आणि सगळे खूश झाले. नंतर वर्गात दोन्ही रूपे लागोपाठ ऐकवली. दुसऱ्या रूपात त्या बाई जणू तोंडपाठ केलेले उत्तर देत होत्या. पावसाच्या प्रश्नानंतरचा थबकलेला क्षण गेला होता आणि त्याच्याबरोबर उत्तराचे वजनही गेले होते. कुणी काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही. विद्यार्थ्यांनी आपणहून ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ दाबून मागे जाऊन ती शांतता परत आणली, आणि जिथे बोलणारी व्यक्ती फक्त शब्द शोधत होती तेवढ्याच जागा हाताने कमी केल्या. विरामचिन्हांचा धडा मी अनेक वर्षे शिकवते आहे. विरामाला अर्थ असतो हे इतक्या लवकर पटलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

याच मुलाखतीत आणखी एक मुद्दा निघाला. गटातील एका विद्यार्थ्याने ‘समदा’, ‘हुतंय’, ‘वरीस’ असे शब्द आलेली वाक्ये काढून त्यांचा आशय निवेदकाच्या आवाजात प्रमाण मराठीत सांगायचे सुचवले. त्याची भूमिका समजण्यासारखी होती, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे शब्द चालत नाहीत हे त्याला अनेक वर्षे सांगितले गेले आहे. इथे मी स्पष्ट भूमिका घेतली की निवेदन प्रमाण भाषेत असावे, पण मुलाखत देणाऱ्याचे बोलणे जसेच्या तसे राहावे. वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, ठेवता येत असल्यामुळे ही विभागणी पडद्यावर उघड दिसते : वर निवेदकाचा ट्रॅक, खाली बाईंचा ट्रॅक, त्याखाली शेडमधील आवाजांचा. प्रमाण भाषा आणि बोली यांचे सहअस्तित्व या विषयावर पाठ्यपुस्तकात कितीही परिच्छेद वाचले तरी, स्वतःच्या आजीसारखे बोलणाऱ्या बाईंचे वाक्य कापायचे की ठेवायचे हे माउस हातात धरून ठरवण्याची वेळ आली की विद्यार्थी त्याचा खरा विचार करतात.

संपादनात नीतीचाही प्रश्न येतो, आणि तो वर्गात मुद्दाम उपस्थित करावा असे माझे मत आहे. ऑडॅसिटीच्या ३.१ या आवृत्तीपासून ध्वनीचा कापलेला तुकडा, म्हणजे क्लिप, वरच्या कडेला धरून हवा तिथे ओढून नेता येतो. त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली बसवणे अगदी सोपे झाले आहे. एका गटाने दुकानदाराच्या मुलाखतीत तसे केले; हेतू वाईट नव्हता, ओघ चांगला व्हावा एवढाच होता. परंतु नव्या जागी ते उत्तर ऐकताना दुकानदार गिऱ्हाइकांना नावे ठेवतो आहे असे वाटू लागले. मूळ मुलाखत आणि जोडलेली मुलाखत शेजारी शेजारी ऐकल्यावर वर्गात जी चर्चा झाली, तिच्यातून आमचा एक नियम ठरला : प्रश्न आणि त्याचे उत्तर यांची ताटातूट करायची नाही, आणि तयार झालेले रूप मुलाखत देणाऱ्याला ऐकवल्याशिवाय वर्गाबाहेर जाऊ द्यायचे नाही. रोजच मोबाइलवर कापलेल्या-जोडलेल्या ध्वनिफिती आणि चित्रफिती पाहणाऱ्या मुलांना त्या कशा घडवल्या जातात हे स्वतःच्या हाताने करून कळावे, यासाठी एवढा उपक्रमही पुरेसा आहे.

सोयींपैकी लेबल ट्रॅकचा उल्लेख भाषाशिक्षकांसाठी आवश्यक आहे. ध्वनीचा एखादा भाग निवडून ‘कंट्रोल’ आणि ‘बी’ दाबले की त्याखाली टीप लिहिता येते. विद्यार्थी मराठीतच लिहितात : ‘इथे प्रश्न लांबला’, ‘हे ठेवायचे’, ‘मागे ट्रॅक्टर’, ‘पुनरुक्ती’. आधी सर्व मुलाखत ऐकून लेबले लावायची आणि मगच कात्री चालवायची असा आमचा क्रम आहे. मूल्यमापनाच्या वेळी मी पॉडकास्टइतकीच ही लेबले बारकाईने वाचते, कारण विद्यार्थ्याने काय ऐकले, काय निवडले आणि का निवडले याचा तो लेखी पुरावा असतो. तयार पॉडकास्टमध्ये एका बोलक्या मुलाचा आवाज पुढे येतो आणि इतर तिघांचे काम झाकले जाते. लेबलांपुढे नावाचे आद्याक्षर लिहायला लावले की गटातील प्रत्येकाचे काम दिसते.

आता उणिवांविषयी. नॉइज रिडक्शन या सोयीची विद्यार्थ्यांत फार ख्याती आहे आणि तिच्याकडून अपेक्षाही अवाजवी असतात. पद्धत अशी की, ज्या भागात नुसताच पार्श्वभूमीचा आवाज आहे असे एक-दोन सेकंद निवडून त्याचा नमुना प्रणालीला द्यायचा, मग सर्व ट्रॅक निवडून तो आवाज कमी करायचा. पंख्याची एकसुरी घरघर यामुळे चांगली कमी होते. बाजारातील गलबला, मोटारींचे भोंगे, निवडणीच्या यंत्राचा कमीजास्त होणारा आवाज यांवर तिचा उपयोग होत नाही, आणि मूळ मांडणीपेक्षा जास्त जोर लावला की माणूस डब्यातून बोलत असल्यासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा ध्वनिमुद्रणाची जागा नीट निवडणे केव्हाही श्रेयस्कर. आमचे निवेदन आम्ही ग्रंथालयात दोन कपाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत करतो. पुस्तकांमुळे आवाज घुमत नाही, आणि पंखा दहा मिनिटे बंद ठेवला तर कुणाची हरकत नसते. मुलाखतीच्या जागी मात्र तिथला आवाज हवाच असतो. तो वेगळा अर्धा-एक मिनिट मुद्रित करून ठेवायचा आणि निवेदनाखाली मंद वाजवायचा.

दुसरी उणीव अधिक त्रासदायक आहे. ऑडॅसिटी मोबाइलवर चालत नाही. विद्यार्थी ध्वनिमुद्रण मोबाइलवर करतात, आणि पुष्कळ मोबाइल ते एमफोरए या स्वरूपात साठवतात. ही फाइल विंडोजवरील ऑडॅसिटीत थेट उघडत नाही. त्यासाठी एफएफएमपेग नावाचा जोडभाग वेगळा बसवावा लागतो. पहिल्याच तासिकेला वीस मुले हातात पेनड्राइव्ह घेऊन उभी आणि एकाचीही फाइल उघडत नाही अशी वेळ येऊ नये म्हणून प्रयोगशाळा-साहाय्यकांना हे काम आधी सांगून ठेवावे, किंवा वेव्ह स्वरूपात मुद्रण करणारे एखादे मोफत ॲप विद्यार्थ्यांना वापरायला सांगावे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हॉइस मेसेज घेऊ नये, कारण त्यात आवाज बराच दाबला जातो. पाठवायचेच असेल तर मुद्रित फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

साठवणुकीच्या बाबतीत जुन्या आवृत्त्या फार वाईट होत्या. प्रकल्पाची एक लहान फाइल आणि तिच्यासोबत शेकडो तुकड्यांचे एक फोल्डर अशी रचना असे, आणि विद्यार्थी हमखास फक्त फाइल उचलून नेत. २०२१ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून सगळे एयूपी३ नावाच्या एकाच फाइलमध्ये राहते. केवळ या एका सुधारणेसाठी जुनी आवृत्ती काढून नवी बसवावी. ही फाइल मोठी होते हे खरे. एका ट्रॅकवरील एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात आणि संपादनाच्या मागच्या पायऱ्याही काही काळ तिच्यात राहतात. पण शेवटी एमपी३ करताना मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) आणि ६४ केबीपीएस निवडले, तर सहा मिनिटांचा पॉडकास्ट ३ एमबीच्या आत बसतो आणि बोलण्यासाठी ही गुणवत्ता पुरेशी असते. ध्वनिमुद्रण करतानाही स्टिरिओऐवजी मोनो निवडावे, म्हणजे आकार निम्मा होतो आणि एकाच कानात आवाज येण्याची तक्रार राहत नाही.

खर्च म्हणाल तर एका कॉलर माइकचा आहे, आणि साधा तारेचा माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो. मात्र मोबाइलसाठीचा हा माइक जुन्या डेस्कटॉपच्या गुलाबी छिद्रात घातला तर बहुधा चालत नाही, कारण त्याची पिन वेगळ्या जोडणीची असते. आम्ही मुद्रणासाठी तो मोबाइललाच लावतो आणि संगणक फक्त संपादनासाठी ठेवतो.

गोपनीयतेचा प्रश्न शिक्षकांनी गांभीर्याने घ्यावा. मालकी बदलल्यानंतर २०२१ च्या जुलैत प्रसिद्ध झालेल्या गोपनीयता धोरणात, तेरा वर्षांखालील मुलांनी ही प्रणाली वापरू नये असे कलम होते आणि माहिती गोळा करण्याविषयीची भाषा संदिग्ध होती. वापरणाऱ्यांनी जगभरातून आक्षेप घेतल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि धोरण बदलले. अलीकडच्या आवृत्त्या काम कंपनीच्या ऑनलाइन साठवणीत ठेवायचे का असे विचारतात. तिथे आपल्याच संगणकाचा पर्याय निवडावा. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. आवाजावरून माणूस ओळखता येतो, तेव्हा पालकांची लेखी संमती घेणे आणि पॉडकास्ट वर्गापुरता, फार तर महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनापुरता ठेवणे हेच मला योग्य वाटते.

याच कारणामुळे मोबाइलवरून मुद्रण करून तिथूनच जगापुढे प्रसारित करणाऱ्या ॲपपेक्षा मी ऑडॅसिटीला झुकते माप देते. त्या ॲपमध्ये ‘प्रकाशित करा’ हे बटण सतत समोर असते आणि विद्यार्थ्यांचे लक्ष किती जणांनी ऐकले याकडे वळते. शिवाय या सेवा स्थिर नसतात. अँकर हे त्यातले एकेकाळचे लोकप्रिय ॲप २०१९ मध्ये स्पॉटिफायने विकत घेतले, त्यानंतर त्याचे नावही बदलले आणि रूपही. शिक्षकाने एकदा तयार केलेल्या सूचना दरवर्षी नव्याने लिहाव्या लागणे परवडत नाही. ऑडॅसिटीत कापणे, जोडणे, आवाज कमीजास्त करणे या मूळ क्रिया वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच राहिल्या आहेत.

आमच्या वर्गात दृष्टिबाधित विद्यार्थीही असतात, आणि त्यांच्या बाबतीत ऑडॅसिटीचा अनुभव फार समाधान देणारा आहे. तिच्यातील बहुतेक सर्व कामे कळफलकावरून करता येतात आणि एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक तिच्यासोबत चांगला चालतो. ‘आर’ दाबून मुद्रण, ‘स्पेस’ दाबून ऐकणे व थांबवणे, चौकटी कंसाच्या कळांनी निवडीची सुरुवात आणि शेवट ठरवणे, एवढे आले की काम सुरू होते. एका दृष्टिबाधित विद्यार्थिनीकडे तिच्या गटाने संपादनाची जबाबदारी सोपवली. डोळस मुले आकृती बघून कापत असल्यामुळे त्यांच्याकडून शब्दाच्या अखेरचा श्वास किंवा ‘त’, ‘स’ यांचा हलका शेवट कापला जात असे; तिची प्रत्येक कात्री मात्र कानाने ठरलेली असे आणि सांधा कुठे आहे हे शोधूनही सापडत नसे. त्यानंतर इतर गटही शेवटचा हात फिरवताना पडद्याकडे पाठ करून ऐकू लागले.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील ऑडॅसिटीचे धडे उपयोगी आहेत; एका धड्याइतका वेळ दिला की मुले स्वतः पुढे जातात. विषय निवडताना दूर जाऊ नये. अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक रेडिओसंस्थेने शालेय विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या पॉडकास्ट स्पर्धेत २०१९ मध्ये विजयी ठरलेल्यांपैकी एक पॉडकास्ट टेनेसी राज्यातील एलिझाबेथटन या छोट्या गावच्या विद्यार्थ्यांचा होता आणि त्याचा विषय जवळच्या अर्विन गावात १९१६ मध्ये फाशी दिलेली सर्कशीतील हत्तीण हा होता. आपल्या प्रत्येक गावाजवळ सांगण्यासारखे असे काही ना काही असते, आणि ते सांगणारी माणसे अजून भेटतात.

पाचवी-सहावीच्या मुलांसाठी मात्र मी ही प्रणाली सुचवणार नाही. तिच्या पडद्यावर बटणांची गर्दी आहे, आणि त्या वयात नुसते मुद्रण करून सर्वांनी मिळून ऐकणे पुरेसे आहे. भाषेच्या यादीत मराठी असली तरी विद्यार्थ्यांना मेनू इंग्रजीतच ठेवायला सांगावे, कारण उपलब्ध बहुतेक मार्गदर्शन त्याच नावांनी आहे. नववीपासून पुढे, चार जणांचा गट, सहा मिनिटांची मर्यादा आणि संपादनासाठी किमान चार तासिका एवढी तयारी असेल तर ती निःशंक वापरावी. प्रणाली उतरवून घेताना ती ऑडॅसिटीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, कारण तिच्या नावाशी साधर्म्य असलेली आणि सोबत नको त्या प्रणाली माथी मारणारी संकेतस्थळे शोधात वर येतात. एकदा उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर ठेवली की सगळ्या प्रयोगशाळेत ती एका दुपारी बसवून होते.